सापाला परवानगी

आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही, पण घरमालकिणीचं सगळे ऐकतात. म्हणूनच आमच्याकडे साप येणार नाही, याची मला पुरेपूर खात्री होती.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा जर्मनीतल्या गेर्लिंगेनला राहायचो आणि आमची इरा पंधरा वर्षांची होती. तिच्या मैत्रिणीचं कुटुंब परदेशी चाललं होतं, आणि त्यांचा पाळीव साप इराला हवा होता. (बिनविषारी! हे ती दर वाक्यानंतर सांगायची. मला सापाची भयंकर भीती वाटते. बागेतला पाण्याचा पाइपसुद्धा मी आधी काठीनं हलवून बघतो.) पण पोरीसमोर हे कबूल कोण करणार?

माझी सगळी भिस्त बायकोवर, मेधावर होती.

"आई, नागपंचमीला तू पाटावर नाग काढतेस ना? त्याला दूध-लाह्या देतेस. मग खऱ्यानं काय घोडं मारलंय?"

मेधा आपल्याकडच्या आया अशा वेळी जे म्हणतात तेच म्हणाली, "बाबांना विचार."

आणि मीही आपल्याकडचे बाप जे करतात तेच केलं. नकार पुढे ढकलला! "माझं काही नाही गं. फ्राउ क्लाइन हो म्हणाल्या तर खुशाल आण."

फ्राउ क्लाइन म्हणजे खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई. जिना झाडायची आमची पाळी, केर्वोखे, आली की त्या कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवून धूळ तपासायच्या. दुपारच्या रूहेत्साइटमध्ये, म्हणजे शांततेच्या वेळेत, आमच्या कुकरची शिट्टी झाली तरी तरातरा वर यायच्या. ही बाई साप येऊ देणार? मी अगदी निर्धास्त होतो.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाई आल्या. मागोमाग इरा, हातात कापडी पिशवी. पिशवी हलत होती. मी सोफ्याच्या पार टोकाला सरकलो.

"आवाज करतो?" बाईंनी विचारलं.

"नाइन, अजिबात नाही," इरा म्हणाली.

"केस गळतात?"

"नाइन."

"जिन्यात पाय उमटतात?"

"त्याला पायच नाहीत, फ्राउ क्लाइन."

"आल्झो, मग उत्तम भाडेकरू!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मेधाकडे पाहिलं, तर ती हळदकुंकू आणायला आत निघालेली!

"पण एक अट," बाई म्हणाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. "घरातल्या मोठ्या माणसाला तो हाताळता आला पाहिजे. हेर जोशी, हात पुढे करा."

(पडलेला जीव तसाच भांड्याबाहेर!)

"बाबा, काही करत नाही तो. आणि बिनविषारी आहे."

"अहो, धरा की," मेधा दारातून कुजबुजली. "आधी नमस्कार करा."

मी नमस्कार केला. डोळे मिटून हात पुढे केला. गार, गुळगुळीत असं काहीतरी मनगटाभोवती फिरलं आणि थेट बाहीत शिरलं. पुढे मी जो ओरडलो, तो ऐकून समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. भानावर आलो तेव्हा मी सोफ्याच्या पाठीवर उभा होतो, शर्ट जमिनीवर होता आणि साप इराच्या हातात शहाण्यासारखा बसला होता.

फ्राउ क्लाइननी घड्याळाकडे पाहिलं. भर रूहेत्साइट!

"साप राहू शकतो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी इराला विचारलं, "पण हे?"

"ते एरवी नाही हो ओरडत. दिवसभर ऑफिसातच असतात," इरा काकुळतीला येऊन म्हणाली.

बरीच मनधरणी केल्यावर पोरीनं अखेर परवानगी मिळवली. मला ठेवून घ्यायची!