शेंदराआडचा माणूस

नाना गेल्याचा फोन भावानं केला. दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं तो म्हणाला. ना दवाखाना, ना अंथरुणाला खिळणं. ऐकून आधी बरंच वाटलं. नानांना कुणाकडून पाणी मागून घ्यायचासुद्धा संकोच वाटे, त्यांना असंच मरण शोभत होतं. फोन ठेवला आणि दुसरा विचार मनात आला तो मात्र काही केल्या जाईना... आता त्या दगडाला पुन्हा शेंदूर फासतील.

हट्टा गावाच्या पुढं आमचं गाव. गावाला दगडी वेस, आणि वेशीच्या आत डाव्या हाताला मारुतीचं लहानसं देऊळ. नाना तिथले गुरव. पहाटे देवाला आंघोळ, मग तेल-शेंदूर आणि शनिवारी रुईच्या पानांची माळ. त्यावर मिळणाऱ्या शिध्यात त्यांचं घर चाले. आमच्याकडं नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो, मगच मांडवात येतो. बाया मात्र पायरीवरूनच हात जोडायच्या. मारुती ब्रह्मचारी, त्याच्याजवळ बाईनं जायचं नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन मे महिन्यात माझं लग्न होतं. त्याच दिवशी सकाळी नाना तेल लावत असताना देवाचं शेंदराचं कवच अख्खंच्या अख्खं गळून त्यांच्या मांडीवर पडलं. पिढ्यानपिढ्यांचे थर होते ते. आत मारुती नव्हताच! काळा दगड होता. त्यावर हातात तलवार घेतलेला एक माणूस, त्याच्यामागं चार-दोन गायी, आणि खाली तोच माणूस आडवा पडलेला. आमच्या शाळेचे हेडमास्तर बघायला आले आणि म्हणाले, हा तर वीरगळ आहे. लढाईत मेलेल्या माणसाचा दगड.

मी घरात हळदीच्या अंगानं बसलेली. देवळात काय झालं ते मला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुढं कितीदा तरी सांगितलं. दादांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शिरड शहापूरहून वऱ्हाड निघालं होतं आणि माझ्या होणाऱ्या सासूबाई शकुन-अपशकुनाच्या बाबतीत फार कडक, हे सोयरीक जुळली तेव्हाच कळलं होतं. दादा नानांना म्हणाले, "नाना, वऱ्हाड येऊन राहिलं. घाईनं शेंदूर लावून टाका. कोणाला कळणार नाही."

नाना शेंदराची वाटी हातात घेऊन नुसतेच बसले होते. "लावलो असतो," ते म्हणाले, "पण आता तोंड पाह्यलं ना मी त्याचं. पाह्यल्यावर कसं झाकू?"

दादा चिडले, हाता-पाया पडले, पण नाना हलेनात. तेवढ्यात वाजंत्री वेशीत पोचलीच.

सासूबाई सगळ्यांच्या पुढं. पायरीवरून आत बघून त्या म्हणाल्या, "काहून, तुमच्या गावाला मारुती न्हाई?"

"व्हता, मायबाई," नाना म्हणाले. "सकाळपस्तोर व्हता."

"मग आता कोण हाय?"

"गावच्या गायी सोडवाय गेलेला कोणीतरी दिसतो. परत आला नसंल, म्हणून दगड लावला. आमी त्यालाच मारुती म्हणून राहिलो. तो बिचारा काही बोलला न्हाई."

वाजंत्री थांबली. दादा सांगायचे, तेवढ्या वेळात माझं लग्न दोनदा मोडलं आणि दोनदा लागलं. सासूबाईंनी पायरीवरूनच वाकून तो माणूस, त्या गायी नीट पाहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मारुती नसंल तर बायांनी जवळ जायला हरकत हाय का?"

हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. नाना उठून बाजूला सरकले. "या, मायबाई."

सासूबाई आत गेल्या आणि दगडावरचा राहिलेला शेंदूर त्यांनी लग्नातल्या नव्या लुगड्याच्या पदरानं पुसला. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या गायीसाठी मेलेला माणूस हाय. याच्या पाया पडायला काय हरकत? नवरीला बी आणा." लग्नाआधी नजरानजर नको म्हणून नवरदेवाला देवळासमोरच्या पाराच्या पलीकडं उभं करून मला आत नेलं. मी दगडाला हात लावला. बाहेर एवढं ऊन, आणि दगड गारेगार. लग्न वेळेवर लागलं.

पुढं गावात कुरबूर झालीच. मारुतीशिवाय गाव कसं राहणार? नानांनी शेंदराचं कवच नदीत सोडलं आणि लोकांना सांगितलं, मारुती पाहिजे तर दुसरा आणून बसवा, मी दोघांचंही करीन, पण ह्याला झाकायचं नाही. मारुती आला, शेजारी वेगळ्या देवळीत बसला. तेव्हापासून नवरदेव मारुतीच्या पाया पडतो आणि नवरी त्या माणसाच्या. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी शेंदराचा डबा घेऊन यायचं, आणि नाना त्याला चहा पाजून परत धाडायचे. मी माहेरी गेले की म्हणायचे, "तुझ्या लग्नानं आमचा देव बदलला, बाई."

नानांचा चौदावा झाल्यावर मी गावाला गेले. एसटीतून उतरले आणि घरी न जाता आधी देवळाकडं वळले. मनाची तयारी केली होती. आत सगळं शेंदरी असणार... दगड काळाच होता. ओला होता. त्याच्यासमोर नानांची बायको, शेवंताकाकू, तांब्या घेऊन बसल्या होत्या. जन्मभर ह्या बाईनं देवळाची पायरी झाडली, पण गुरवाची बायको असूनही आत म्हणून कधी गेल्या नव्हत्या. सगळ्या गावच्या बाया येतात, माझीच तेवढी येत नाही, असं नाना चिडवायचे तरीही नाही.

"शेंदूर घेऊन आलती पोरं," काकू म्हणाल्या. "चहा पाजला अन् धाडलं."

मी काकूंच्या शेजारी बसले. इतकं हायसं वाटलं की रडू आलं. नाना गेल्यावर पहिल्यांदाच रडले मी. काकूंनी मला रडू दिलं. मग तांब्या माझ्या हातात दिला.

"घाल पाणी," म्हणाल्या. "हळू. डोळ्यात जाईल त्याच्या."