बाणकोटपर्यंतच्या खाड्या

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. पडवीत बसलो होतो. ती मोड आलेला दाणा चिमटीत दाबायची आणि डाळिंबी बरोबर टोपात पडायची. माझी उडून अंगणात जायची.

"तुमी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "कोंबड्यांची चैन चाललीय."

वाल सरांसाठी होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. मुलगी मुंबईत एम.एस्सी. झाली होती आणि पीएच.डी. करायची म्हणत होती. तिचे सर दुसऱ्या दिवशी लाँचने रेवसला उतरणार, खाडी बघणार आणि आमच्या घरी बसून तिचा अभ्यास आखणार. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. मला वाटायचं, वरच्या शिक्षणाची पुस्तकं ठरलेली असतील. पण मुलगी म्हणाली, यात ज्याचा त्याचा अभ्यास वेगळा. काय शिकायचं, कुठे, किती वर्षं, ते आपण मांडायचं, सरांनी पारखायचं.

"मग तू काय मांडलंस?" हिने विचारलं.

"तिवरं. खाऱ्या पाण्यात उभी राहून ती झाडं जगतात कशी. रेवसपासून बाणकोटपर्यंतच्या सगळ्या खाड्या बघायच्या. एका खाडीवरून काही कळायचं नाही."

"त्यात काय बघायचं? माझी खारट आमटी खाऊन तुझा बाप जगलाच की. त्याला इचार."

मुलगी हसली. मग म्हणाली, "महिना महिना बाहेर राहावं लागेल, आई."

"जा की. यांना मी हाय."

पहाटे ही उठली नाही. झोपेतच गेली. रेवसच्या धक्क्यावर माणूस पाठवून सरांना कळवलं. ते आले, घटकाभर माझ्याजवळ बसले आणि परत गेले.

तेरावं उरकल्यावर पुन्हा आले. चटईवर बसून कागद मांडीवर घेतला.

"पहिलं वर्ष मुंबईत," ते मुलीला म्हणाले. "मातीचं रसायन तुझं कच्चं आहे, ते दुसऱ्या विभागात जाऊन शीक. वाचण्यापुरतं जर्मनही लागेल. मग खाड्या. किती धरायच्या?"

"एकच. रेवसची. ती घरून होईल."

सरांनी पेन्सिल थांबवली. "मागे सगळ्या म्हणाली होतीस. एका खाडीचंही काम होतं, पण मग तो प्रश्नच दुसरा."

"मागचं मागे, सर."

माझी मेव्हणी चहा घेऊन आली होती. "बरोबर बोलतेय पोर," ती म्हणाली. "भावजींना पेज कोन घालील? लगनाचं बघायचं सोडून ही खाड्या बघत फिरनार?"

मला राहवलं नाही. "खोटं बोलतेय ती, सर. सगळ्या लिवा."

"बाबा, तुम्हाला चूल पेटवता येत नाही."

"पेटवली न्हाय म्हंजे येत न्हाय असं हाय का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, पण लिहिलं नाही. मुलीला म्हणाले, "अभ्यास तुझा आहे. वडील म्हणाले म्हणून मी लिहिणार नाही, मावशी म्हणाल्या म्हणून खोडणार नाही. तू सांग."

ती मलाच विचारायला लागली. "जेवायचं काय कराल?"

"वालाची उसळ."

मेव्हणीने तोंडाला पदर लावला, तरी हसू बाहेर आलंच. ही गेल्यापासून घरात कोणी हसलं नव्हतं. मुलीने डोळे पुसले.

"बाणकोटपर्यंत," ती म्हणाली.

सरांनी लिहिलं. "पेन्सिलीने लिहितोय," म्हणाले. "अडलं तर दर पावसाळ्यात बसून बदलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी उठायच्या आत मी डब्यातून वाल काढले आणि भिजत घातले. ही घालायची तेवढेच घातले. एकट्याला फार होतात, ते नंतर कळलं. आज भिजवायचे, उद्या फडक्यात बांधायचे, मोड आले की सोलायचे. एवढं बघून बघून ठाऊक होतं. तोवर पेज तरी जमवू म्हणून चुलीपुढे बसलो.