डोळे मिटून निवडलेला बेस

चहाचा कप जरा खाली ठेवा राजेहो. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! अन् हसायचं तेवढं हसा, पण माझ्या कानावर शंका घ्यायची नाही. गाढवपणा माझा झाला, कबूल. कानाचा नाही झाला. पूर्ण ऐका, मग बोला.

कान म्हणजे आमच्या घराण्याची एकुलती एक इस्टेट. माझा बाप उमरेडले हातमागावर बसायचा. चार घरं पलीकडे कोणाच्या मागावर धागा तुटला, हे तो आपल्या ओट्यावरून सांगायचा. "रामाचा तुटला पाहा," म्हणायचा, अन् दोन मिनिटांत रामा शिव्या देत बाहेर! तोच कान माझ्याकडे आला. मी कोराडीच्या वीज केंद्रात तीस वर्षं टर्बाइनजवळ काढली. बेअरिंग कुरकुरायच्या आधी मले समजायचं. नवे इंजिनिअर मीटर घेऊन यायचे, अन् जाताना हळूच मलेच विचारायचे, "काका, ठीक आहे न?" खोटं वाटते? कॉलनीत कोणालेही विचारा!

आता जावई. निखिल, आमच्या प्राचीचा नवरा, प्रताप नगरात राहते. पोरगा सोन्यासारखा, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. लग्नाले सहा महिने झाले, अन् माझ्याशी बोलणं किती? "नमस्कार मामाजी", "झालं जेवण मामाजी", "निघतो मामाजी". संपलं! हा दिवसभर कॉम्प्युटरवर मोठमोठी कामं करणारा, त्याच्या लेखी सासरा म्हणजे एक रिटायर माणूस, असं मले वाटायचं. मनाले लागायचं, खोटं काहून बोलू?

अन् एक दिवस त्याचाच फोन! "मामाजी, गाडीत गाण्यांसाठी बेसचा स्पीकर बसवून राहिलो. त्याची पेटी सील्ड घ्यावी की पोर्टेड, समजत नाही. प्राची म्हणते तुमचा कान भारी आहे. येता का?"

येता का? अरे, मी चपला घालूनच बोलत होतो! वरून सांगून टाकलं, "जावईबापू, पेटी माझ्याकडून."

दुकान शहरात, इतवारीतल्या एका बोळीत. मालक गुड्डूभाई. त्यानं मले दोन्ही पेट्या समजावल्या. सील्ड म्हणजे चारही बाजूंनी हवाबंद, ठोका आखूड अन् नेमका. पोर्टेड म्हणजे समोर भोक असलेली. हवा त्या भोकातून बाहेर येते, आवाज मोठा होते, घुमते. मी मान हलवत होतो, जशी काही लहानपणापासून आमच्या घरी पोर्टेडच होती.

"काका, आँख बंद करके सुनो. गाना एक, पेटी दो," गुड्डूभाई म्हणाला.

"डोळे मिटल्याशिवाय मी ऐकतच नाही," म्या सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, यानंच घात केला.

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवून राहिला होता, म्हणून निखिल गाडी सरकवायले गेला. इकडे सील्ड वाजली. ठोका आला, गेला. म्या तोंड वाकडं केलं. "ठीक आहे, पण जीव नाही. दुसरी लावा."

"वायर बदलता हूं काका," म्हणत गुड्डूभाई पेट्यांच्या मागे गेला. मी डोळे मिटलेलेच.

अन् सुरू झालं! धप्. धप्. धप्. धप्प! अहाहा! पायाखालची फरशी बोलून राहिली होती. गाणं-बिणं काही नाही, नुसता ठोका! म्या मनात म्हटलं, हुशार आहे गुड्डू. जाणकार माणूस पाहून नुसता बेस सोडला.

मले तीन शिंका आल्या. पेट्यांवर लावलेल्या नव्या कारपेटचा वास असेल. मग डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, येणारच! असा बेस ऐकून दगडालेही येईल.

निखिल आत आला. "मामाजी! रडून राहिले का?"

"बेस आहे हा, जावईबापू! ऐका. तीन ठोके सरळ येतात, अन् चौथा जरा रेलून येते. समजलं काहून? पेटी श्वास घेते भोकातून!"

निखिलनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की सहा महिन्यांचं सारं भरून निघालं. खिशातून फोन काढून त्यानं चक्क लिहून घेतलं! "चौथा ठोका. श्वास." सांगा आता, कोणत्या सासऱ्याचं बोलणं जावयानं लिहून घेतलं आहे?

तेवढ्यात गुड्डूभाई हातात वायर घेऊन मागून बाहेर आला. "काका, अभी तो मैंने..."

"बांधा हीच पेटी!"

"पर काका, सुन तो लो..."

"तीस वर्षं ऐकूनच राहिलो न बापा! बांधा!"

आता गिऱ्हाईक जबरदस्तीनं घेऊन राहिलं तर दुकानदार काय करणार? बांधली बिचाऱ्यानं.

पेटी गाडीत बसली. अन् वाजली कशी? भूंऽऽऽ! ठोक्याचा पत्ता नाही, सारं गोलगोल. प्राची म्हणाली, "बाबा, काचा थरथरतात, पण बेस कुठं आहे?" निखिल मात्र आठवडाभर म्हणत राहिला, "मस्त आहे मामाजी." पोरगं माझी लाज राखून राहिलं होतं! शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या, पण ते "मस्त" मले रात्रंदिवस टोचत होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुड्डूनं पेटी बदलली! ऐकवली एक, दिली दुसरी!

पुढच्या रविवारी आमची मंडळी, म्हणजे शोभा, भिवापुरी मिरचीची पिशवी घेऊन शेजारणीसोबत सकाळीच शहरात कांडपावर गेली. वर्षाचं तिखट व्हायचं होतं. कोणत्या कांडपावर, म्या विचारलं नाही. मले गुड्डूची गचांडी धरायची घाई होती. निखिलले घेतलं अन् थेट दुकानात.

"गुड्डूभाई! माझी पेटी कुठं आहे?"

"काका, आपकी पेटी तो आपकी डिक्की में है."

"ती नाही! म्या ऐकली ती!"

अन् बोलता बोलताच कानावर आलं. धप्. धप्. धप्. धप्प!

"ऐका!" मी ओरडलो. "हीच! चौथा ठोका ऐका, जावईबापू! इथंच लपवली यानं!"

गुड्डूभाई म्हणाला, "काका, मैंने कुछ चालू ही नहीं किया."

पण मी ऐकतो थोडीच! दुकानाच्या मागच्या भिंतीले पेट्यांची थप्पी लागली होती. मी एकेका पेटीले कान लावत सुटलो. ही नाही. ही पण नाही. सर्वांत खालच्या पेटीजवळ चक्क धुळीनं भरलेल्या फरशीवर आडवा झालो, अन् कान टेकवला. अंगावर काटा आला राजेहो! "सापडली! हीच माझी पेटी!"

गुड्डूभाईनं शांतपणे ती पेटी ओढून उलटी केली. आत काही नव्हतं. ना स्पीकर, ना वायर. नुसता लाकडी डबा! अन् आवाज तर सुरूच. धप्. धप्. धप्. धप्प!

निखिल भिंतीवर हात ठेवून उभा होता. "मामाजी," तो हळूच म्हणाला, "भिंतीच्या मागून येऊन राहिला."

"पीछे मिर्ची का कांडप है न," गुड्डूभाई म्हणाला. "दरवाजा उधर की गली में है. आपको पता नहीं था?"

मले पुन्हा शिंक आली. अन् यावेळी ती कारपेटची नव्हती, हे मले लख्ख समजलं.

वळसा घालून आम्ही मागच्या गल्लीत गेलो. लोखंडी मुसळांची रांग खालीवर होऊन राहिली होती, खाली लालभडक मिरची, अन् समोर नाकाले पदर लावून कोण उभी? आमची शोभा!

"तुम्ही काहून आले इथं? अन् अंग सारं धुळीनं पांढरं कशानं झालं?"

निखिलनं सांगितलं. एका दमात, शिंकांसकट, डोळ्यांतल्या पाण्यासकट! सहा महिन्यांत तो पोरगा एवढा बोलला नव्हता. शोभा हसता हसता खाली बसली. रांगेतल्या बाया ओळख ना पाळख, त्याही हसून राहिल्या. कोणीतरी म्हणालं, "कांडपाचा बेस ऐकायले आले का वं हे भाऊ?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मले.

पण कान गप्प बसते का? तो आपला मोजतच होता. धप्. धप्. धप्. धप्प!

"ताई," म्या कांडपवालीले म्हटलं, "तुमचं चौथं मुसळ ढिलं आहे."

तिनं मशीन बंद केली. चौथं मुसळ हातानं हलवून पाहिलं, तर ते लटलट हलून राहिलं! "अवं माय! मिस्तरी आठ दिवसांपासून शोधून राहिला. तुम्हाले कसं समजलं भाऊ?"

मी छाती काढून निखिलकडे पाहिलं. सांगितलं होतं की नाही, कानाचा गाढवपणा नव्हता म्हणून? पोरगा पोट धरून हसत होता, पण हसता हसता म्हणाला, "मामाजी, खरंच भारी आहे तुमचा कान. आता कांडप बंद आहे तोवर चला, पुन्हा ऐकू."

यावेळी मी डोळे टक्क उघडे ठेवले. जिले जीव नाही म्हटलं होतं, ती सील्डच पेटी घेतली. गुड्डूभाईनं एका शब्दानं न कुरकुरता बदलून दिली. आता निखिल दर रविवारी स्वतःहून फोन करते, अन् कांडपवाल्या ताईही मशीन ऐकायले बोलावतात. म्हणजे गेलं काय माझं? काही नाही. कमावलंच!

परवाच आम्ही दोघं गाडीत होतो. सिग्नलवर थांबलो, काचा खाली. काय ठोका होता महाराज! आखूड, नेमका. म्या डोळे मिटले अन् म्हटलं, "पाहा जावईबापू, याले म्हणतात सील्ड! निवडली कोणी?"

"तुम्हीच मामाजी," निखिल म्हणाला. "मस्त आहे."

त्या "मस्त"मध्ये मले काहीतरी ओळखीचं वाटलं, म्हणून डोळे उघडले. सिग्नल सुटला, बाजूची गाडी पुढं गेली, अन् आमचा बेसही तिच्यासोबतच निघून गेला.