दोन वर्षांनी दिल्लीपर्यंत

निजामुद्दीनच्या फलाटावर ताई पिवळा स्वेटर घालून उभी होती. नागपूरहून मी एकटा आलो, यात तिला विशेष काही वाटलं नाही. मला मात्र उड्या माराव्याशा वाटत होत्या.

दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर डोंगरात फिरायला गेलो असताना मी एलएसडी घेतलं होतं. नशा दुसऱ्या दिवशी उतरली, डोळ्यांतलं मात्र उतरलं नाही. फरशीच्या रेघा पाण्यासारख्या हलत. चालत्या माणसामागे त्याचा पुसट ठसा रेंगाळे. आपण वेडे होतोय या धास्तीनं नोकरी सुटली, बाहेर पडणं सुटलं. घरी मी डोकेदुखी सांगितली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हे निवळायला वेळ लागतो, कदाचित थोडं राहीलही. नशेला पुन्हा शिवायचं नाही, झोप सांभाळायची, जे दिसेल त्याच्याशी भांडायचं नाही. त्यानंतरचा हा पहिलाच प्रवास.

ताईचं घर गुरुग्रामला, सतराव्या मजल्यावर. नऊ वर्षांची भाची मैत्री दारातच म्हणाली, "मामा, तू किती दिन राहणार?" चार, म्हटल्यावर तिचा चेहरा पडला आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताई मला मेट्रोनं करोल बागेत कपडे घ्यायला घेऊन गेली. स्टेशनातल्या सरकत्या जिन्यापाशी ती पटकन पुढे चढून गेली. मी पाऊल उचललं, तर पायऱ्यांवरच्या खाचा एकमेकींत वळवळू लागल्या. पाय तिथेच थिजला. मागे गर्दी साचली. पाठीमागच्या वृद्ध सरदारजींनी हळूच विचारलं, "घुटने हैं या डर?"

"डर," मी खरं ते सांगून टाकलं.

"मेरे तो घुटने हैं. चलो, सीढ़ी से चलते हैं."

आम्ही साध्या जिन्यानं निघालो. दर आठ-दहा पायऱ्यांवर ते थांबत आणि भटुरे (मैद्याची टम्म फुगलेली मोठी पुरी) कुठे चांगले मिळतात ते सांगत. वर ताई वाट बघत उभी होती, तिच्यापाशी पोचेपर्यंत तीन दुकानं सांगून झाली होती, आणि मी हसत होतो.

त्यातल्या पहिल्याच दुकानात ताईनं मला समोर बसवलं आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं.

"आधी का नाही बोललास?"

"तू चिडशील असं वाटलं."

"चिडलेच आहे. दोन वर्षं एकट्यानं काढलीस म्हणून." तिनं डोळे पुसले आणि स्वतःचा भटुरा माझ्या ताटात सरकवला. "खा. थंड झाला की त्याचं चामडं होतं."

उरलेले दोन दिवस आम्ही बागांमध्ये काढले. थंडी सरत आली होती, वाफ्यांमध्ये फुलं नुसती उसळत होती. मैत्रीला ताईनं 'मामाच्या डोळ्यांना थोडा त्रास आहे' एवढंच सांगितलं होतं. ती माझा हात धरून, प्रत्येक फुलाचा रंग मला मोठ्यानं सांगत चालली. मला रंग सगळे नीट दिसत होते. तरी मी तिला थांबवलं नाही.

परतताना दिवसाची गाडी घेतली. आईला काय आणि कसं सांगायचं, ते ताईशी ठरलं होतं. मथुरेच्या आसपास दुतर्फा मोहरी पिवळीधमक फुललेली होती आणि दूरवर हलत होती. वाऱ्यानं, की माझ्या डोळ्यांनी, ते मी तपासलं नाही. खिडकीला कपाळ टेकवून बघत राहिलो.