खडा फोडायला गॅस कशाला?

शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली, म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणत. त्यात थट्टाच जास्त होती, कारण याचा पारा कायम चढलेला. अडलेल्या यंत्राला कुणी लाथ मारली, तर तो मालक असो की नोकर, त्याची खैर नसे. अशा माणसापासून पोटच्या पोराने दोन महिने त्याचाच आजार लपवला. याला माया म्हणायची असेल तर म्हणा, पण हा निव्वळ आगाऊपणा होता.

लघवी अडते म्हणून तपासण्या झाल्या, तुकडा काढून तपासला, आणि प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची लहान गाठ निघाली. मुलाने रिपोर्ट खिशात घातला. "मुतखडा आहे बाबा, फोडतील." आईलाही त्याने तेच सांगितलं.

ठरल्या दिवशी थंडोबा हिरवा गाऊन घालून ऑपरेशन थिएटरबाहेर स्ट्रेचरवर पडला होता, मुलगा शेजारी उभा होता. तेवढ्यात टेक्निशियनने दोन उंच सिलिंडर ढकलत आणले. थंडोबाने सवयीने लेबलं वाचली. एकावर आर्गॉन, दुसऱ्यावर हेलियम.

"खडा फोडायला गॅस कशाला?"

"खडा कुठला, काका? गाठ गोठवायचीय," टेक्निशियन म्हणाला, आणि थंडोबाचा चेहरा बघून सर्जनना बोलवायला आत पळाला.

मागून उघडा पडणारा गाऊन एका हाताने आवळत थंडोबा स्ट्रेचरवरून उतरला. सर्जन बाहेर आले. त्यांच्या हातातल्या संमतीच्या कागदावर मुलाची सही होती.

"तुम्हाला सगळं सांगितलंय, असं हे म्हणाले," सर्जन मुलाकडे बोट दाखवत म्हणाले.

"मला विचारलंत?"

सर्जननी कागद मिटून खिशात ठेवला.

"मग आता सांगा. काही गाळू नका."

सर्जननी सांगितलं. गाठ एकाच बाजूला आहे, म्हणून सुया घालून तेवढाच भाग आर्गॉनने गोठवायचा, हेलियमने वितळवायचा, पुन्हा गोठवायचा. लघवीची नळी वाचावी म्हणून तिच्यातून कोमट पाणी फिरवत राहायचं. गाठ परत येऊ शकते. नवराबायकोच्या संबंधात अडचण येऊ शकते, कधी कायमचीही. दुसरे उपायही आहेत, आणि आठ-पंधरा दिवस विचार करायला हरकत नाही.

थंडोबा मुलाकडे वळला. "नवराबायकोचंही तूच ठरवलंस?"

"तुम्ही घाबरला असतात, बाबा."

"घाबरलो असतो ना. माझा आजार, मीच घाबरणार. तू कोण मध्ये?"

मुलाने त्याला धरायला हात पुढे केला. थंडोबाने तो झटकला आणि अनवाणीच बाहेर गेला. बाकावर बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तो तिच्या शेजारी बसला. राग अजून अंगात होता.

"खडा नाही. कॅन्सर आहे," तो म्हणाला. "थांब, रडू नकोस. आधी सगळं ऐक, मग दोघं मिळून ठरवू."

आणि त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.