करीच्या दुसऱ्या दिवशीचा भात

यवतमाळहून राळेगावची एसटी सुटली तो पोळ्याचा दुसरा दिवस होता, म्हणजे कर (श्रावण सुटल्यावर सामिष खायचा हक्काचा दिवस). कळंब मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी कमरेएवढी पऱ्हाटी (कपाशी) लागली. सहा वर्षांनी ताईकडे निघालो होतो, आणि खरं सांगायचं तर ताईपेक्षा तिच्या हातचा कोंबडाच जास्त आठवत होता.

तिने तो केलाही चुलीवर, गावरान. मी आणि भावजींनी भाकरी चुरून हाणला. ताई नुसती वाढत होती. "तू बस ना," मी म्हटलं.

"आज गुरुवार हाय ना बापू, मी नाई खात."

मी मान डोलावली आणि आणखी रस्सा घेतला.

शुक्रवारी ती सकाळीच शेतात निंदणाला (खुरपणीला) गेली. मला पुण्यातल्या मित्रांनी चढवून ठेवलंय, की माझ्यासारखा भात कोणी करत नाही. फ्रिजमध्ये झाकलेला गंज (पातेलं) दिसला, आत रस्सा आणि पाच-सहा तुकडे. हात शिवशिवले. कांदा लाल केला, मसाला परतला, तांदूळ घातले, गंज पालथा केला, वर मूठभर सांभार (कोथिंबीर). वास गल्लीभर गेला. शेजारचे काका डोकावले, भावजींबरोबर त्यांनाही बसवलं.

"पुन्याचे लोक बी रांधून राह्यले आता!" म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. मी फुगून वाढत सुटलो.

दुपारी ताई आली. हातपाय धुऊन तिने फ्रिज उघडला.

"गंज कुठं गेला?"

भावजी एकदम ओशाळले. "अवं, तो तुया वाट्याचा होता ना! माया ध्यानातच नाई राह्यलं."

अख्खा श्रावण पाळून, ऐन करीला गुरुवार आला म्हणून तिने आपला वाटा आजसाठी ठेवला होता. आता तळाला खरपूड तेवढी उरली होती. तिने ती खरवडून लोणच्याबरोबर खाल्ली. "मस्त झालता भात," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा कोंबडा आणतो म्हटलं.

"आता कायले? परवा गणपती बसतेत."

निघताना ती स्टँडवर सोडायला आली. माझी लाज काही जात नव्हती. "ताई, दिवाळीनंतर पुण्याला ये. मी रांधतो, पहिलं ताट तुझं. कोणता तुकडा आवडतो तुला?"

ती हसली. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली, "आठवून सांगतो."

लहानपणापासून तिच्या हातचं खात आलो, आणि हे मी कधी विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नसावं. घरी येऊन महिना झाला. काल फोनवर पुन्हा विचारलं. तिला अजून आठवत नाही.