सूर्याच्या मागे धावलेले आतोबा

आमच्या आतोबांइतका हवापालटाला भ्यालेला माणूस साऱ्या निपाणीत नव्हता, आणि हवापालटाचा एवढा सोहळा करणाराही दुसरा कुणी नव्हता. तंबाखूचे व्यापारी, जैन, नेमाचे कडक: पाणी गाळून, जेवण सूर्य मावळायच्या आत. आत्या लांबलेल्या तापातून उठली खरी, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, कणकुंबीच्या डोंगरात न्या, भूक लागेल. आतोबांनी चार गाळणी, एक जातं आणि बेळगावात मास्तरकी करणारा मी, असं सगळं बैलगाडीत घातलं. जातं कशाला म्हणाल, तर तिथल्या पिठाचा काय भरवसा!

कणकुंबी बघून आम्ही खुळावलोच. डोंगर, तळं, गार वारा! तळ्याला गाळणं लावायचं तेवढं आतोबांनी बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आत्या आपणहून म्हणाली, भूक लागलीय. आतोबा आनंदानं स्वतः चुलीपुढं बसले. पण भाकरी तव्यावर असतानाच सूर्य डोंगराआड गेला. झालं! आत्या उपाशी निजली. "आमच्या निपाणीचा सूर्य लई सरळ बाबा," आतोबा हळहळले, "असा दगा देत न्हाय." लवकर वाढून बघितलं, तर तिला भूकच नसायची.

मग त्यांना दिसलं की खाली सावली पडली तरी डोंगरमाथ्यावर गुरं अजून उन्हात चरतायत. झालं, रोज आमची वरात निघू लागली! पुढं काष्टा खोचलेले, डोक्यावर भाकऱ्यांची बुट्टी घेतलेले आतोबा, मधे दोन गड्यांच्या खांद्यावर डोलीत आत्या, मागं आमटी सांडत मी. वाटेत एका म्हातारीनं देवीची पालखी समजून आत्यापुढं नारळ ठेवला. आत्या हसून हसून बेजार, आणि वर पोचल्यावर हळूहळू एक भाकरी खाऊ लागली.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र तिनं दुसरी भाकरी मागितली. आतोबांचा चेहरा असा फुलला म्हणता! अन् तेवढ्यात माथ्यावरचाही सूर्य बुडाला. आत्याचा हात थांबला. आतोबांनी आपलं ताट बाजूला सारलं, उठून ते तिच्या आणि पश्चिमेच्या मधे उभे राहिले आणि उपरणं दोन्ही हातांनी पसरून धरलं.

"तिकडं बघू नगंस. हाय अजून सूर्य. मी सांगतोय न्हवं? खा तू."

आत्यानं त्यांच्याकडं बघितलं. "व्हय, हाय की," म्हणाली आणि खाली मान घालून जेवू लागली.

तिची भाकरी संपेपर्यंत आतोबा तसेच उपाशी उभे होते. त्यांच्या पाठीमागं चांदणी निघालेली मला दिसली, तशी मी आत्याला अजून थोडी आमटी वाढली.